खालच्या घराकडचं पाणी

निमाडातल्या मनावर गावच्या आमच्या घरात पाऊस लागला की बोलणं बंद व्हायचं. आई तांदूळ निवडत असली तर मान वर न करता निवडतच राही, नाना हातातलं वर्तमानपत्र घडी न घालता खाली ठेवत आणि ओट्यावर जाऊन उभे राहत, आणि मी वही पुढे ओढून एकच ओळ पाच-पाच वेळा वाचत बसे. बाहेर अंगणाच्या कडेनं दगडांच्या पाटातून पाणी धावत असे आणि आम्ही तिघंही ते ऐकत असू. मधेच एखादा दगड दुसऱ्यावर आपटून 'ठक्' असा आवाज झाला की नाना छत्री घेऊन बाहेर पडत आणि पाटाच्या खालच्या टोकाशी जाऊन उभे राहत, पाऊस थांबेपर्यंत. कुणी पाहुणे असले तर म्हणत, 'किती शांत घर आहे हो तुमचं!' आई त्यांना आणखी एक पोळी वाढी.

पण हे नंतरचं. आधी ते घर असं नव्हतं. नाना सिंचन खात्यात ओव्हरसियर होते. आमचं मूळ घर देवासचं. पणजोबा दरबारात कारकून होते, आणि एवढ्या भांडवलावर आमच्याकडची माणसं अजूनही लग्नात पुढच्या रांगेत बसतात. नानांची बदली मनावरला झाली तेव्हा काका म्हणाले होते, "निमाडात? अरे, तिथं उन्हाळ्यात कावळासुद्धा सावली सोडत नाही." नाना गेले ते गेले, आणि वर तिथंच जमीन घेऊन बसले. गावाबाहेर, बोडक्या टेकडीच्या उतारावर, सगळा मुरूम. वर बाभळी, खाली बोरी, आणि आठ महिने तिथं हिरवं म्हणून काही दिसायचं नाही. पाऊस यायचा तोही रोजचा, रिमझिम असा नाही. पाच-सात तडाख्यांत सगळा हिशेब चुकता करून जायचा. टेकडीवर त्याला अडवायला काहीच नव्हतं. तांबडं पाणी घरामागून उतरायचं, अंगणभर पसरायचं, आणि जाताना अंगण घेऊन जायचं.

दर वर्षी जमीन चार बोटं खाली जाई. लिंबाची मुळं म्हाताऱ्याच्या हातासारखी वर आली होती, तुळशीवृंदावन एका बाजूला कललं होतं, आणि स्वयंपाकघराच्या जोत्याखाली मांजर बसेल एवढी पोकळी झाली होती. पाऊस थांबला की आई पदर खोचून कुंपणाशी साचलेली माती घमेल्यात भरी आणि लिंबाच्या बुडाशी आणून टाकी. "आपलंच अंगण, आपणच रोज माहेराहून आणावं तसं आणायचं," असं म्हणे आणि हसे. ती तेव्हा फार हसायची.

नानांनी आधी मातीचा बांध घातला, तो एका दुपारी गेला. मग विटांचा, तोही गेला. शेवटी एका होळीनंतर त्यांनी खदानीतून काळ्या दगडांच्या ट्रॉल्या मागवल्या आणि रेमसिंगला बोलावलं. रेमसिंग हा डोंगराकडचा दगड रचणारा, खात्याच्या कामावर नानांच्या हाताखाली असायचा. उंच, सुकलेला, फार कमी बोलणारा माणूस. अंगणाच्या पूर्वेच्या कडेनं, टेकडीच्या पायथ्यापासून खालच्या बांधापर्यंत, त्यांनी रुंद उथळ पाट खणला. तळाला बारीक गिट्टी, तिच्यावर हाताएवढे दगड, आणि सगळ्यांत वर एकट्या माणसाला हलणार नाहीत असे मोठे. सिमेंट अजिबात नाही. नाना मला समजावून सांगत, "सिमेंट केलं की पाणी खालून शिरतं आणि सगळंच्या सगळं उचलून फेकतं. सुटा दगड आपल्या वजनानं बसतो, खालची माती सरली तर तोही सरकून पुन्हा बसतो." दर दहा पावलांवर एक पायरी होती. पाणी तिथं पडून दमावं म्हणून. घाईतलं पाणी जमीन खणतं, दमलेलं पाणी माती टाकतं, हे नानांचं वाक्य मला आजही त्यांच्याच आवाजात ऐकू येतं.

त्या कामात मला एक मान होता. दगड बसला की नाही हे बघायला नाना मला त्यावर उभं करत. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकायचा. दगड डुगडुगला तर खालून आवाज येई. "बोलला," मी ओरडे. "हाँ, बोलियो," रेमसिंग म्हणे, आणि सब्बल घालून फटीत दगडाची चीप ठोकी. आई त्याच लोखंडी कांबीला पहार म्हणायची, आणि रेमसिंगला पहार म्हणजे डोंगर वाटून हसू यायचं. मग मी पुन्हा उभी राहायची, दगड गप्प झाला की पुढे. त्या पाटात माझा पाय लागला नाही असा एकही मोठा दगड नव्हता. दुपारी रेमसिंग लिंबाखाली ज्वारीची रोटी आणि लसणीची चटणी सोडून बसे. आई त्याला चिंचगुळाची आमटी देई. पहिल्या दिवशी त्यानं ती नुसतीच हुंगली. दुसऱ्या दिवशी स्वतःहून विचारलं, "बाई, वो मीठी वाली खाटी दाल है कई?"

पाट खालच्या बांधाशी संपत होता. बांधाच्या पलीकडे थोडी पडीक जमीन, आणि तिच्याखाली गेंदामासीचं घर. पाणी बांधावरून जिथं पडणार तिथं चार सगळ्यांत मोठे दगड आडवे बसवायचे, म्हणजे पाण्याचा जोर तिथंच मोडेल, आणि तिथून त्याला वळवून नाल्याकडे न्यायचं, असं नानांच्या नकाशात होतं. तो नकाशा मी पाहिला आहे. त्यात तो कोपरा लाल पेन्सिलीनं काढलेला होता. ते चार दगड आले तेव्हा ज्येष्ठ संपत आला होता. ट्रॉली फाटकाच्या आत वळेना, म्हणून दगड फाटकाशीच उतरवले. दोन दिवसांनी पाऊस पडला आणि रेमसिंग आपल्या शेतावर पेरणीला निघून गेला. "आखरी वाला दशहरे के बाद, साब," तो म्हणाला. त्या दगडांना तीन माणसं आणि अर्धा दिवस लागला असता. मजूर सगळे पेरणीत होते. दगड फाटकाशीच राहिले.

त्या वर्षी पहिल्यांदा आमचं अंगण जागच्या जागी राहिलं. पाऊस आला, टेकडीवरून गरजत पाणी उतरलं, पाटात शिरलं, आणि कडेकडेनं निघून गेलं. आई दारात उभी राहून टाळ्या वाजवत होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तिनं शेवंती लावली. खात्यातले लोक बघायला आले, त्यांना भुट्ट्याचा कीस केला. नाना एकेक दगड दाखवत होते आणि मी मागून त्यांच्या चालीनं चालत होते.

गेंदामासी आमच्याकडे दूध घालायची. दोन म्हशी, मातीच्या भिंतींचं कवेलूचं, म्हणजे कौलांचं घर, आणि नवरा ट्रकवर, सहा-सहा महिने न दिसणारा. तिची मुलगी सुगन आठ वर्षांची होती, मी तेरा. संध्याकाळी सुगन दुधाची बरणी न्यायला येई आणि मी तिला पाटातल्या सपाट दगडांवर कोळशानं अक्षरं शिकवी. ती मला बेनजी म्हणायची, शाळेतल्या बाईंना म्हणावं तसं, आणि मला ते फार आवडायचं. तिनं पहिलं लिहिलं ते स्वतःचं नाव. दुसऱ्या दिवशी पाऊस झाला आणि दगड धुऊन निघाला. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "बेनजी, म्हारो नाम तो बह के म्हारे घर चल्यो गयो." आणि तिला त्याचा आनंदच झाला होता.

भाद्रपदातल्या एका दुपारी मी शाळेतून येऊन फाटकाशी त्या चार दगडांपैकी एकावर बसून चिंचा खात होते. गेंदामासी गवताचा भारा डोक्यावर घेऊन चालली होती, ती थांबली. भारा उतरवला नाही. म्हणाली, "बेन, थारा नाना से बोल दीजे. नाली को पाणी सूधो म्हारी पिछली भींत पे आवे है. पहले फैल के आतो थो, अब एक जगा पड़े है. ये पत्थर वहाँ धरवा दे, तो भींत बच जाय."

"हाँ मासी, बोल दूँगी," मी म्हटलं.

मी सांगितलं नाही. यात काही गुंतागुंत नाही, म्हणून सरळ लिहिते. पुढच्या आठवड्यात आम्ही नवरात्राला देवासला जाणार होतो. तीन वर्षांत गेलो नव्हतो. चुलतबहिणी होत्या, माताजीची टेकरी होती, काकूनं माझ्यासाठी परकराचं कापड घेऊन ठेवल्याचं पत्र आलं होतं. नानांचा स्वभाव मला माहीत होता. पाटाबद्दल कुणी एक शब्द काढला असता तर त्यांनी पिशव्या सोडायला लावल्या असत्या आणि मजूर शोधायला निघाले असते. मी मनात म्हटलं, आल्यावर सांगीन. दशहऱ्यानंतर रेमसिंग येणारच आहे. पाऊस तर संपल्यातच जमा आहे. तेरा वर्षांच्या मुलीला तीन कारणं पुरतात; मला तर ती आजही कधी कधी पटतात, आणि तेव्हा मला स्वतःची भीती वाटते.

देवासचे पहिले दिवस काकूच्या स्वयंपाकघराच्या वासासारखे भरलेले होते. घटापुढे अखंड दिवा, उपासाची भगर, दाण्याची आमटी, सकाळी बहिणींबरोबर टेकरी चढायची, खाली उतरून बाजारात कांदेनवमी विसरून कचोरी खायची आणि घरी येऊन तोंड पुसून उपास सांगायचा. अष्टमीच्या दुपारी आभाळ भरून आलं. नवरात्रात असा पाऊस कुणी पाहिला नव्हता. पन्हाळीतून पाणी कोसळत होतं, अंगणात गुडघाभर साचलं. आम्ही मुली माजघरात सोंगट्या खेळत होतो. माझा डाव होता, आणि मी फासे हातात घेऊन बसून राहिले. बहीण म्हणाली, "टाक ना गं, काय झालं?" खिडकीत नाना पाठ करून उभे होते. काका त्यांना दोनदा चहाला बोलावून गेले, त्यांना ऐकू गेलं नाही. आणि स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला, काकू म्हणत होती, "अहो जाऊबाई, पुरी काळी झाली की! लक्ष कुठं आहे?" हे तिन्ही मी पाहिलं, ऐकलं, आणि प्रत्येकाचा वेगळा अर्थ लावला. नानांना चहा नको असेल. आई दमली असेल. फक्त माझे फासे हातातच का राहिले ते मला ठाऊक होतं.

दशहऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही परत निघालो. धारला बस बदलली, मनावरच्या अड्ड्यावर उतरून चालत घराकडे आलो. वळणावरून गेंदामासीचं घर आधी दिसतं. पुढून ते तसंच होतं. म्हशी दारात बांधलेल्या होत्या. पण घरातून पलीकडचं दिसत होतं, आमचा बांध, आमचा लिंब. मागची भिंत नव्हती. कवेलूंचा ढीग पडला होता आणि त्याच्यावर आमच्या अंगणातली नव्हे, टेकडीची तांबडी माती पसरून वाळली होती.

रेमसिंग फाटकाशी बसला होता. तो दशहऱ्यानंतर कामाला म्हणून आला होता, बोलल्याप्रमाणे. नानांना बघून उठला. "साब, गेंदा की छोरी," तो म्हणाला, आणि थांबला. मग हळूहळू सांगितलं. अष्टमीच्या दुपारी सुगनला ताप होता. ती मागच्या खोलीत झोपली होती. गेंदामासी म्हशींना गवत कापायला गेली होती, पावसात अडकली, धावत आली तेव्हा भिंत पडलेली होती. शेजारच्या शेतातल्या लोकांनी माती उपसली. लहान मूल म्हणून जाळलं नाही, नाल्यापलीकडे पुरलं. त्याला तीन दिवस झाले होते.

नानांनी पिशवी खाली ठेवली आणि तसेच उतारावरून खाली गेले. मी फाटकातून बघत होते. गेंदामासी दारात बसली होती. नाना तिच्यासमोर उभे राहिले. मग तेही खाली जमिनीवर बसले, पँटला माती लागेल याचा विचार न करता. दोघं काही बोलल्याचं मला दिसलं नाही. आईनं त्या संध्याकाळी खिचडीचं पातेलं पाठवलं. दुसऱ्या दिवशी ते घासून परत आलं.

आम्हाला कुणी बोल लावला नाही. पटवारी येऊन लिहून गेला, अतिवृष्टीनं कच्ची भिंत पडली. गावातले लोक म्हणाले, मातीची भिंत, असा पाऊस, कुणाचा काय दोष? ते ऐकताना आई खाली बघत असे. नानांनी दुसऱ्याच दिवशी रेमसिंग आणि आणखी दोघांना लावून ते चार दगड बाभळीच्या ओंडक्यांवरून घरंगळत खाली नेले आणि बसवले. अर्धाच दिवस लागला. मला त्यांनी त्या दगडांवर उभं राहायला बोलावलं नाही, आणि बोलावलं असतं तरी मी गेले नसते. त्यानंतर कितीतरी महिने दर रविवारी नाना एकटे तिथं काम करत. दगडांचा पाट गेंदामासीच्या घराला वळसा घालून थेट नाल्यापर्यंत नेला. दगड उचलून त्यांच्या बोटांची नखं काळी पडली. गेंदामासी म्हशींपाशी बसून पाहत असे. तिनं आपली मागची भिंत स्वतःच पुन्हा उचलली, खाली दगड, वर माती.

आमच्या घरात त्या दिवसांत तिघं माणसं तीन खोल्यांत राहिल्यासारखी राहत. मी एकदा ठरवलं, नानांना सांगून टाकायचं. ओट्यावर ते बोटांना तेल चोळत बसले होते. मी म्हटलं, "नाना." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि इतक्या घाईनं म्हणाले, "अभ्यास कर जा," की माझी हिंमतच गेली. मला वाटलं, ते माझ्याकडे बघूच इच्छित नाहीत. त्यांना कळलं असावं, असंही वाटलं.

दीड महिना दूध गावातून येत होतं, पाणी घातलेलं. मग एका सकाळी दारात हाक आली, "बाईसाब, दूध." आई पातेलं घेऊन गेली. तिनं पातेलं तिरपंच धरलं आणि अर्धं दूध उंबऱ्यावर सांडलं. गेंदामासीनं सांडलेलं पुन्हा मापून घातलं. ती का आली? दोन म्हशी होत्या, दूध विकायलाच हवं होतं, आणि आमचं घर सगळ्यांत जवळ होतं. त्यात दुसरं काही नसावं. पण त्यानंतर वर्षानुवर्षं, रोज सकाळी, ती आमच्या दारात उभी राही, आणि रोज सकाळी आम्हा तिघांपैकी कुणीतरी तिच्या डोळ्यांना डोळा न देता पातेलं पुढे करी. ती कधी काही बोलली नाही. रागावली नाही, रडली नाही, हसली मात्र फार कमी. मी कित्येकदा तिच्या हाकेनं दचकून उठले आहे, आणि उठल्यावर कळलं आहे की आज ती आलेलीच नाही.

सपाट दगडांवर मी पुन्हा बसले नाही. पाऊस सुरू झाला की पाण्याच्या आवाजात मला बारीक आवाजात बाराखडी ऐकू यायची. हे मी कुणाला सांगितलं नाही. लग्न झाल्यावर इंदूरला नवऱ्यालाही नाही. तिथं नळावर बादली भरत असली तरी मी नळ अर्धाच सोडत असे. पुढे नोकरी मनावरच्या शाळेत मिळाली आणि मी त्याच घरी परत आले. आज मी हे लिहिते आहे ते त्याच ओट्यावर बसून. माझी शाळा सगळी हिंदी, ऱ्हस्व-दीर्घ माझं अजून चुकतं, आणि माझ्या मुलीला मराठी वाचताना बोट ठेवावं लागतं. तरी हे हिंदीत लिहावंसं वाटलं नाही. गप्प राहिलो ते आम्ही मराठीत.

नाना शेवटचे दोन महिने देवासला काकांकडे होते, दवाखान्याच्या सोयीसाठी. वैशाख होता, आभाळात ढग नव्हता. मी उशाशी बसले की विचारत, "खालचा दगड बोलतोय का, बघ." मी म्हणे, "नाही नाना, गप्प आहे." मग डोळे मिटत. त्यांच्या ओठांवर काहीतरी येऊन थांबतं आहे असं मला वाटे, आणि माझ्याही. तसेच ते गेले.

ते गेल्यानंतरच्या श्रावणात एका दुपारी पाऊस लागला आणि गेंदामासी आमच्या ओट्यावर अडकली. आता ती वाकली होती, केस पांढरे झाले होते. आई आत होती. मी मासीला चहा दिला. पाटातून पाणी जात होतं. आम्ही दोघी ते बघत बसलो, आणि मला आतून काहीतरी ढकलल्यासारखं झालं. मी म्हटलं, "मासी, तुम्ही मला सांगितलं होतं. नानांना सांगायला. मी सांगितलंच नाही. सुगन माझ्यामुळं गेली."

मी मराठीत बोलले होते. तिला मराठी कळायचं. तिनं कप खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर मला खरोखरचं नवल दिसलं.

"थारा से एकली से कियो थो कई?" म्हणजे, तुला एकटीलाच सांगितलं होतं का, असं ती विचारत होती. "बाईसाब से कियो, दूध नापते टेम. दो बार कियो. साब से फाटक पे कियो, हाथ जोड़ के. साब बोल्या, हाँ, दशहरे बाद करवाता हूँ. तीन जणा से कियो थो म्हने."

पाण्याचा आवाज एकाएकी फार मोठा वाटू लागला.

"हउँ तो समजी थी," ती म्हणाली, "के तीनों ने बैठ के बात करी होगी. और फिर देवास गया."

पाऊस ओसरला तशी ती उठली, बरणी घेतली आणि उतारावरून गेली. मी आत गेले. आई जमिनीवर बसून तांदूळ निवडत होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं हे मला तिच्या पाठीवरूनच कळलं.

"आई, तुला माहीत होतं?"

ती निवडत राहिली. मान वर न करता म्हणाली, "दोनदा बोलली ती. मला वाटलं, ह्यांना सांगितलं तर हे देवासला यायचे नाहीत. तू किती दिवस परकर-परकर करत होतीस. म्हटलं, चार दिवसांनी काय होतंय." तिनं एक खडा काढून बाजूला टाकला. "ह्यांना ती बोलली होती हे मला आज कळलं गं. इतकी वर्षं मी समजत होते, मी सांगितलं असतं तर हे दगड बसवल्यावाचून जन्मात राहिले नसते."

नानांची काळी नखं मला आठवली, आईनं कधी त्यांना 'आता पुरे' म्हटलं नव्हतं ते आठवलं. एकाच छपराखाली आम्ही तिघांनी तीन वेगवेगळी ओझी वाहिली, आणि आमचं सगळं लक्ष तेवढ्यातच गेलं. खाली राहणाऱ्या बाईला जाऊन दोन शब्द बोलावेत हे कुणालाच सुचलं नाही. आता आमच्या घराच्या वर, टेकडीवर नवी कॉलनी झाली आहे. तिथल्या फरशीच्या अंगणांवरून पूर्वीच्या दुप्पट पाणी माझ्याकडे येतं. मी वर जाऊन त्यांना सांगते तेव्हा कागदावर लिहून देते आणि एका घरातल्या सगळ्यांना समोर बसवून वाचून दाखवते. ते मला विक्षिप्त म्हातारी समजतात.

त्या दुपारी आईनं सूप बाजूला सारलं. भिंतीला धरून उठली. "चल," म्हणाली. तिचे गुडघे गेलेले होते, उतारावरून ती वीस वर्षांत उतरली नव्हती. मी हात धरायला गेले तर तिनं सोडवून घेतला आणि पाटाच्या कडेकडेनं, एकेका दगडाचा आधार घेत, बसत, उठत खाली गेली. गेंदामासी दारातच होती. तिनं 'या' म्हटलं नाही, 'जा'ही म्हटलं नाही. आईनं चपला काढल्या. त्या घरात ती कधी गेलेली नव्हती. दूध आमच्या दारी यायचं, आम्हाला जायचं कारण नव्हतं.

"गेंदा," आई म्हणाली, आणि पुढे तिला शब्द सापडेना. हिंदीतही नाही, मराठीतही नाही.

गेंदामासी दारातून बाजूला झाली. मग आत वळली, मागच्या खोलीत गेली. आम्ही तिच्यामागून गेलो. अंधारी, लहानशी खोली, कडब्याचा वास. तिनं मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं, जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर.

"अठे हाथ धरो, बाईसाब," ती म्हणाली. "नाली तो साब ने अच्छी बणाई. पण पत्थर का नीचे से थोड़ो-थोड़ो आवे है अभी बी. हर साल या इत्ती गीली हो जावे है. हउँ खाट सरका लूँ."

आईनं तळवा भिंतीवर ठेवला. मी तिच्या शेजारी उभी होते. बाहेर पाऊस पुन्हा लागला होता. गेंदामासी दाराशी टेकून उभी राहिली आणि आईनं हात काढला नाही. तळव्यावरून ओल उतरून मनगटापर्यंत आली तरी तिनं तो काढला नाही.